वर्ल्ड बांधलं, मग नंबर जुनाच का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी बघतो. त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मागं एकदा सिक्युरिटी पॅच आला म्हणून गिटवरून नवा सोर्स (सिस्टिमचा मूळ कोड) ओढला, संध्याकाळी त्यातून प्रोग्रॅम बांधायला 'मेक बिल्डवर्ल्ड' लावलं आणि टिळकवाडीला घरी गेलो. सकाळी येऊन बांधलेलं बसवायला 'मेक इन्स्टॉलवर्ल्ड' केलं. मालक मागं उभे. व्हर्जन बघायला 'युनेम -आर' मारलं तर शेवटी पी४ (पॅचचा नंबर), कालचंच.

"काय ओ, रात्रभर मशीन तापवलासा आणि नंबर तोच की!"

तोच असणार. युनेम फक्त चालू कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, नंबर सांगतं, आणि कर्नलला मी हातच लावला नव्हता.

कर्नल वगळून बेस सिस्टिममध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीसोबतच येणाऱ्या संचात, जे उरतं ते वर्ल्ड: शेल, लायब्रऱ्या, एसएसएच (दुरून लॉगिन करायचं), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आणि सोर्समधून प्रोग्रॅम बनवणारा अख्खा क्लँग कंपायलर. रात्र जाते ती मुख्यतः या क्लँगपायी. कर्नल त्या मानानं लवकर उरकतो. (पीकेजी या पॅकेज मॅनेजरनं वरून घातलेले प्रोग्रॅम या दोन्हींत नाहीत, त्यांचं अपडेट वेगळं.)

वर्ल्ड आणि कर्नल यांतलं काय बांधायचं ते सुरक्षेचं भोक कुठं पडलंय त्यावर ठरतं. एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड ओपनएसएसएलमध्ये होतं, म्हणजे वर्ल्डचं काम. त्यात फ्रीबीएसडी १० सापडलं. ९ मध्ये ओपनएसएसएल जुनं होतं म्हणून ते वाचलं. २०१६ चं डर्टी काऊ लिनक्सचं, पण थेट कर्नलमधलं. तिथं सगळ्या लायब्रऱ्या बदलल्या असत्या तरी भोक तसंच राहिलं असतं.

मालकांना त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. सोर्सला पॅच लावणं म्हणजे पॅटर्न दुरुस्त करणं. त्यानं काल ओतलेलं कास्टिंग बदलत नाही, नवं ओतावं लागतं, ते बिल्ड. इन्स्टॉल केलं की नवा पार्ट रॅकवर आला. पण चालू पंपात अजून जुनाच फिरतोय! वर्ल्डच्या बाबतीत ती ती सेवा रिस्टार्ट केली की नवी लायब्ररी उचलली जाते. कर्नलला मात्र रीबूटशिवाय इलाज नाही.

आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही, त्यामुळं आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इन्स्टॉलकर्नल जुना कर्नल 'कर्नल.ओल्ड' नावानं बाजूला ठेवतं. नवा उठला नाही तर लोडरमधून (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) जुन्यावर जाता येतं. इन्स्टॉलवर्ल्ड असं काही ठेवत नाही, जुन्या फायलींवरच नव्या घालतं. मधेच वीज गेली तर अर्धं नवं, अर्धं जुनं. म्हणून झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आधी 'बीईसीटीएल क्रिएट' करून बूट एन्व्हायर्नमेंट (परत बूट करता येईल अशी सिस्टिमची प्रत) काढून ठेवतो, आणि यूपीएसची बॅटरी बघितल्याशिवाय एंटर दाबत नाही.

नंबर बघायला 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' आहे, १०.० पासून. '-के' डिस्कवर बसवलेला कर्नल सांगतं, '-यू' वर्ल्ड. '-के' आणि युनेम जुळले नाहीत तर रीबूट राहिलाय असं समजायचं.

मी '-यू' मारलं. पी५.

"मग हे आधी दाखवायचं की," मालक म्हणाले आणि शेडकडं गेले. मी एसएसएच रिस्टार्ट करायला घेतलं.