जाड भिंत म्हणजे भूकंपात टिकणारी भिंत नव्हे

‘भिंत जितकी जाड, तितकं घर पक्कं.’ खेड्यापाड्यात हे पिढ्यान् पिढ्या ऐकवलं जातं. भूकंपाच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अशा जाडजूड दगडी भिंतीच कोसळल्या आणि हजारो माणसं झोपेतच त्यांच्याखाली गाडली गेली.

दोष भिंतीच्या पोटात होता. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये दगडगोटे नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारं काहीच नाही. वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीचा भार. जमीन हलली की जितकं वजन जास्त, तितका आडवा जोरही जास्त.

घरी करून बघा. ताटाखाली गोट्या ठेवा. ताटात चपट्या खड्यांच्या दोन रांगा समोरासमोर रचा, मधे सैल माती भरा. आता ताट भिंतीच्या आडवं, मागे-पुढे हलवा. भिंत आधी पोटाला फुगते, मग एक बाजू सुटून बाहेर पडते. पुन्हा रचताना दर दोन थरांनंतर दोन्ही रांगांवर पोचणारा लांब दगड आडवा टाका. तीच भिंत जास्त धक्के सोसते. यातून खऱ्या घराची ताकद मोजता येत नाही, पण भिंत कुठून फुटते ते डोळ्यांना दिसतं.

दगडाचं घर वाईट नाही. त्याला आरपार दगड हवेत, कोपरे एकमेकांत गुंतलेले हवेत आणि दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा, कुठेही न तुटणारा सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा.