हरिकेन

हरिकेन : उत्तर अटलांटिक, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि पूर्व पॅसिफिक या भागांत उद्भवणारे, ताशी ११९ किमी. किंवा त्याहून अधिक वेगाच्या वाऱ्यांचे उष्णकटिबंधीय चक्रीवादळ. ताशी ६३ किमी.पेक्षा कमी वेग असेपर्यंत ते न्यूनदाबाचे क्षेत्र असते, ६३ किमी. झाले की त्याला नाव मिळते. वाऱ्याच्या वेगानुसार हरिकेनच्या पाच श्रेणी मानतात; ताशी २५२ किमी.पासून पुढे पाचवी, म्हणजे शेवटची श्रेणी.

समुद्र तापला म्हणजे वादळ झाले, असे नाही. आधी गडगडाटी ढगांचा एखादा विस्कळीत पुंजका लागतो. अटलांटिकात तो बहुधा आफ्रिकेकडून येतो. सहाराच्या दक्षिणेला पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांत दर तीन-चार दिवसांनी एक लहर उठते. अशा वर्षाला सुमारे ६० लहरींपैकी मोजक्याच वादळापर्यंत पोहोचतात. पाणी किमान २६.५° से. हवे, आणि ही ऊब सुमारे ५० मी. खोलवर हवी. जागा विषुववृत्तापासून निदान ५ अंश दूर हवी. त्याहून जवळ पृथ्वीच्या परिवलनाने वाऱ्याला मिळणारे वळण फार क्षीण असते; हवा फिरत न बसता सरळ आत घुसते आणि कमी दाब भरून काढते. चार-पाच किमी. उंचीवरची हवाही दमट लागते. तिथे सहाराची कोरडी, धुळकट हवा शिरली की पावसाचे थेंब वाटेतच सुकतात, हवा गार होऊन खाली कोसळते आणि ढग खुंटतात. शिवाय सुमारे १.५ आणि १२ किमी. उंचीवरील वाऱ्यांत सेकंदाला १० मी.पेक्षा जास्त फरक नसावा. नाहीतर वादळाचा माथा एकीकडे आणि पाया दुसरीकडे ओढला जातो.

खरे इंधन समुद्राचेच. वारा पाण्यावरून बाष्प उचलतो, वर जाऊन बाष्पाचे पाणी होते आणि दडलेली उष्णता मोकळी होते. गाभा आजूबाजूपेक्षा उबदार होतो, पृष्ठभागावर दाब उतरतो, वारा वाढतो आणि बाष्पही वाढते. मात्र खालून जेवढी हवा आत येते त्याहून अधिक माथ्यावरून बाहेर फेकली गेली, तरच दाब उतरत राहतो. जोराने फिरणारी हवा केंद्रापर्यंत पोहोचू शकत नाही. ती कड्यासारखी गोल वर चढते. ही डोळ्याची भिंत, आणि सर्वांत घातक वारा तिथेच. मधल्या डोळ्यात हवा खाली उतरते, दबून तापते, म्हणून तिथे आकाश निवळते. गिरकी घेताना हात जवळ ओढले की वेग वाढतो, तसे हे कडे आकुंचन पावले की वारा चढतो.

ऑक्टोबर २००५ मधील विल्मा हे याचे टोकाचे उदाहरण. कॅरिबियन समुद्रात या वादळाच्या वाऱ्याचा वेग २४ तासांत ताशी सुमारे ११० किमी.वरून २८० किमी.वर गेला, डोळा जेमतेम ४ किमी. रुंद उरला आणि दाब ८८२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. अटलांटिकातील हा नोंदलेला नीचांक आहे. पुढे भिंतीबाहेर दुसरे, मोठे कडे उभे राहिले. बाहेरचे कडे दमट हवा मध्येच अडवते, आतले उपासमारीने विरते. वारा काहीसा मंदावला, पण वादळाचा पसारा वाढला. वेग उतरला म्हणून धोका टळला असे मानणे इथे चूक ठरते, कारण समुद्राचे उधाण पसाऱ्यावरही अवलंबून असते.

वादळ एका जागी रेंगाळले तर पाणी घुसळून खालचे गार पाणी वर येते आणि इंधन तुटते. मेक्सिकोच्या आखातातील उबदार वळण-प्रवाहावर (तिथे वळसा घेऊन जाणाऱ्या समुद्रप्रवाहावर) मात्र ऊब खोलवर असते, त्यामुळे घुसळूनही गरम पाणीच वर येते.

२४ तासांत ताशी ५५ किमी. किंवा अधिक वाढ झाली तर तिला जलद तीव्रीकरण म्हणतात. अंदाजाची सर्वांत दुबळी बाजू हीच. वादळाचा मार्ग भोवतालचे मोठे वारे ठरवतात. तीव्रता मात्र काही किलोमीटरांच्या गाभ्यात ठरते. २४ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी ओटिस हरिकेनही नव्हते. मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीत मेक्सिकोतील अकापुल्को शहरावर आदळले. लोकांना हलवायला पुरेसा वेळच मिळाला नाही.

अरबी समुद्रातही यंत्रणा हीच. फक्त ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात. हा फरक वादळांना वाढू देत नाही. म्हणून कोकणाला धोका मोसमी पावसाच्या आगेमागे, जसे ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ.