हंगामाचा मानकरी आणि स्पर्धेचा मानकरी: कॉलेज बास्केटबॉलमधील दोन पुरस्कार, दोन वेगळे अंदाज

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम मार्चमध्ये शिगेला पोहोचतो, तेव्हा प्रत्येक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठ संघांच्या गटात, काही दिवसांच्या अंतराने दोन मोठे वैयक्तिक पुरस्कार दिले जातात. पहिला असतो कॉन्फरन्समधील वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा आणि दुसरा नियमित हंगामानंतर होणाऱ्या बाद पद्धतीच्या कॉन्फरन्स स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा. नावांतील साधर्म्यामुळे दोन्ही पुरस्कार एकाच गुणाला दिले जातात, आणि म्हणून एकाचा अंदाज दुसऱ्यालाही लागू पडतो, असा समज सहज होतो. २०२५ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे एसीसीचा, वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ड्यूकचा कूपर फ्लॅग ठरला. त्याच आठवड्यात शार्लट येथे झालेली कॉन्फरन्स स्पर्धाही ड्यूकनेच जिंकली, तरीही त्या स्पर्धेचा मानकरी फ्लॅग नव्हता, तर त्याचा सहकारी कॉन कनिपल होता. उपांत्यपूर्व सामन्यात जॉर्जिया टेकविरुद्ध फ्लॅगचा घोटा दुखावला आणि पुढचे दोन्ही सामने तो खेळू शकला नाही, एवढेच त्याचे कारण.

दोन्ही पुरस्कार मतदानाने ठरतात, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. आयपीएलमधील ऑरेंज कॅप धावांच्या बेरजेवर ठरते आणि तिथे कोणाचे मत विचारले जात नाही. इथे मात्र माणसे मत देतात, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याला खेळाडूंइतकेच मतदारांनाही ओळखावे लागते. हंगामाच्या पुरस्काराचे मतदान साधारणपणे नियमित हंगामाचा शेवटचा सामना झाल्यावर आणि कॉन्फरन्स स्पर्धा रंगात येण्यापूर्वी पूर्ण होते. मतदार कोण, हे कॉन्फरन्सनुसार बदलते. बिग ईस्ट या कॉन्फरन्समध्ये प्रशिक्षक मत देतात आणि त्यांना स्वतःच्या संघातील खेळाडूला मत देता येत नाही. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये प्रशिक्षकांची आणि पत्रकारांची निवड वेगवेगळी जाहीर होते. स्पर्धेच्या पुरस्काराची गोष्ट निराळी आहे. तिथे मतदार प्रत्यक्ष मैदानावर हजर असतात, मतपत्रिका अंतिम सामन्याच्या अखेरीस भरल्या जातात, आणि समोर जे घडले त्याच्यापलीकडचे काही पाहण्याची त्यांच्याकडून अपेक्षाही नसते.

या दोन मतदानांमधील अंतर किती मोठे असू शकते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण १९७४ मधील एसीसीचे आहे. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्समधून एकच संघ जात असे आणि एसीसीमध्ये तो मान कॉन्फरन्स स्पर्धेच्या विजेत्याला मिळे. नियमित हंगाम कितीही चांगला गेला असला, तरी तीन दिवसांतील एका पराभवाने सारे संपत असे. त्या वर्षी हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन होता आणि त्याबद्दल फारसा वाद नव्हता. वाद होता तो सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागेचा. हंगामाअखेर निवडल्या जाणाऱ्या कॉन्फरन्समधील सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात ती जागा मेरीलँडच्या लेन एल्मोरला मिळाली आणि स्टेटचा उंचापुरा टॉम बर्लसन मागे राहिला. त्यानंतर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. बर्लसनने त्या एका सामन्यात ३८ गुण केले, स्टेटने जादा वेळेत १०३–१०० असा विजय मिळवला आणि स्पर्धेचा मानकरी बर्लसन ठरला. एल्मोरची निवड मात्र जशीच्या तशी राहिली, कारण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होती. देशातील अव्वल संघांत गणला जाणारा मेरीलँड राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला, आणि पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ती स्पर्धा ३२ संघांची होऊन एका कॉन्फरन्समधून एकापेक्षा अधिक संघांना प्रवेश मिळू लागला.

आता अंदाजाकडे वळू. हंगामाच्या पुरस्काराचा अंदाज बांधताना खेळाडूची आकडेवारी पुरेशी नसते, तर त्याचा संघ कॉन्फरन्सच्या तक्त्यात कुठे आहे, हेही तितकेच मोजावे लागते. जानेवारी ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे कॉन्फरन्स सामने मतदारांच्या मनात ठसतात, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधील पराक्रम हळूहळू मागे पडतात. २०१०–११ च्या हंगामात कनेक्टिकटच्या केंबा वॉकरने सुरुवातीला असा काही खेळ केला की राष्ट्रीय पातळीवरही त्याचे नाव सर्वांत पुढे घेतले जात होते. पण बिग ईस्टमध्ये कनेक्टिकटची कामगिरी ९ विजय आणि ९ पराभव अशी राहिली. दुसरीकडे नोत्र दामने १४ सामने जिंकले, ४ गमावले आणि दुसरे स्थान मिळवले. हंगामाचा पुरस्कार नोत्र दामच्या बेन हान्सब्रोला मिळाला. गुणांच्या सरासरीवरच भिस्त ठेवणाऱ्यांना हा निकाल खटकला असेल, परंतु मतदारांच्या दृष्टीने तो सुसंगत होता, कारण त्यांनी संघाला जिंकून देण्याला किंमत दिली.

मतदान झाले आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बिग ईस्टच्या स्पर्धेत, जे घडले, ते कॉलेज बास्केटबॉल पाहणारा कोणी विसरणार नाही. नववे मानांकन असलेल्या कनेक्टिकटला विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच सामने जिंकावे लागणार होते. उपांत्यपूर्व फेरीत अव्वल मानांकित पिट्सबर्गविरुद्ध बरोबरी असताना शेवटच्या क्षणांत वॉकरने एक पाऊल मागे घेतले, समोरचा उंच बचावपटू तोल जाऊन खाली कोसळला, आणि वॉकरचा चेंडू वेळ संपता संपता जाळीत गेला. पाच सामन्यांत त्याने एकूण १३० गुण केले, संघ विजेता ठरला आणि स्पर्धेचा मानकरी अर्थातच तो झाला. हान्सब्रोच्या पुरस्कारावर याचा काहीही परिणाम होण्याचा प्रश्न नव्हता. ‘वॉकरवर अन्याय झाला’ असे म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण ते एका मतदानाचा पुरावा दुसऱ्या मतदानापुढे ठेवत आहेत.

हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, पत्रकारांच्या मतांवरून जो हंगामपूर्व सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडला जातो, त्यावर फार विसंबू नये. एसीसीमध्ये २०२३–२४ च्या आधी ड्यूकच्या काइल फिलिपॉव्स्कीला तो मान मिळाला होता, प्रत्यक्षात पुरस्कार नॉर्थ कॅरोलायनाच्या आरजे डेव्हिसने नेला. पुढच्या वर्षी डेव्हिसला पसंती मिळाली आणि पुरस्कार गेला पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या फ्लॅगकडे.

स्पर्धेच्या पुरस्काराचा अंदाज बांधण्याची रीत याच्या उलट आहे. इथे ‘सर्वोत्कृष्ट कोण’ या प्रश्नापासून सुरुवात केली की वाट चुकते, म्हणून ‘विजेता संघ कोणता’ येथून निघावे. उपविजेत्या संघातील खेळाडूला हा मान क्वचितच मिळतो. राष्ट्रीय अंतिम फेरीत तर १९८३ मध्ये ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवॉननंतर पराभूत संघातील एकालाही तो मिळालेला नाही. त्यामुळे हिशेब दोन पायऱ्यांचा होतो. समजा, एखादा संघ जिंकण्याची शक्यता ४० टक्के वाटते आणि तो जिंकल्यास त्याच्या मुख्य खेळाडूला पुरस्कार मिळण्याची शक्यता ५० टक्के वाटते, तर त्या खेळाडूची एकूण शक्यता केवळ २० टक्के उरते. हंगामाच्या पुरस्कारासाठी एखाद्याची शक्यता ८० टक्के सांगणे वाजवी असू शकते. पण स्पर्धा सुरू होण्यापूर्वी कोणत्याही एका खेळाडूबद्दल तसे सांगणे जवळजवळ नेहमीच अतिरेकी ठरते.

पहिल्या पायरीसाठी मानांकनाचा तक्ता बारकाईने वाचावा लागतो. एसीसीमध्ये पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश असल्यामुळे त्यांना तीनच विजय पुरतात. दहाव्या मानांकित संघाला पाच विजय हवे असतात, तेही सलग पाच दिवसांत. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने नेमके हेच केले. नियमित हंगामात या संघाने कॉन्फरन्समधील ९ सामने जिंकले होते आणि ११ गमावले होते. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना मायकल ओ’कॉनेलने वेळ संपण्याच्या क्षणी दुरून मारलेला चेंडू बास्केटमध्ये गेला, सामना जादा वेळेत गेला आणि स्टेटने तो जिंकला. तो फटका चुकला असता, तर स्पर्धेचा मानकरी दुसऱ्याच संघातला कोणी झाला असता.

दुसरी पायरीही सरळ नसते. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध स्टेटच्या डीजे हॉर्नने २९ गुण केले, त्याचा सहकारी डीजे बर्न्सने २०. तरीही मानकरी ठरला तो बर्न्स. तो अवजड शरीराचा, पण विलक्षण हलक्या हातांचा खेळाडू होता, बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि बचावपटू गोळा झाले की मोकळ्या सहकाऱ्याकडे पास द्यायचा. पाच दिवस स्टेटचे आक्रमण त्याच्याभोवती फिरले होते आणि मतदारांनी त्याला मान दिला. त्याच वर्षी हंगामाचा पुरस्कार मिळवणारा आरजे डेव्हिस त्या सामन्यात पराभूत बाजूला होता.

प्रशिक्षकाचा पुरस्कार मात्र केवळ हंगामापुरता असतो. तिथे अपेक्षेपेक्षा किती अधिक मिळवले, हे पाहिले जाते. २०२५ मध्ये ड्यूकने एसीसीमध्ये १९ सामने जिंकून एकच गमावला, तरी पुरस्कार ड्यूकचा प्रशिक्षक जॉन शायरला न मिळता लुईव्हिलच्या पॅट केल्सीला मिळाला. आदल्या हंगामात एकूण ८ विजय आणि २४ पराभव अशी अवस्था असलेला संघ हाती घेऊन केल्सीने पहिल्याच वर्षी कॉन्फरन्समध्ये १८ विजय मिळवले होते. ड्यूककडून जिंकण्याचीच अपेक्षा होती, लुईव्हिलकडून कोणाचीच नव्हती. त्याच दोन संघांत मग स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि तो ड्यूकने ७३–६२ असा जिंकला.

हंगामाच्या पुरस्काराचा अंदाज नियमित हंगामाच्या शेवटच्या रात्री एकदा नक्की केला की पुरतो. स्पर्धेचा अंदाज मात्र प्रत्येक फेरीनंतर नव्याने मांडावा लागतो. फ्लॅग लंगडत बाहेर गेला त्या सामन्यात कनिपलने २८ गुण केले. ड्यूक जिंकण्याची शक्यता त्या रात्री थोडी घटली असेल, पण जिंकल्यास मान कनिपलला मिळण्याची शक्यता कितीतरी वाढली होती. फ्लॅगच्या दुखापतीचे हे दोन परिणाम ज्यांनी वेगवेगळे मोजले, त्यांना दोनच दिवसांनी लागलेल्या निकालात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.