पार्श्वभूमी: ‘इंजिन सीझ’ या एका शब्दात किती बिघाड?

पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या रॉडमध्ये बेअरिंगसाठी पांढरा धातू ओतून तो हाताने खरवडायचे दिवस गेले, पोलादी पाठीचे पातळ शेल (अर्धगोल बेअरिंग) आले, तसं निदान सोपं झालं. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी मोटारीचा रॉड वाजू लागला की सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवायचा, जर्नलवर (क्रँकचा शेलमध्ये फिरणारा भाग) नख फिरवायचं, नख अडकलं तर क्रँक दहा थाऊ (इंचाचा शंभरावा भाग) घासून त्या मापाचे अंडरसाइज शेल बसवायचे. १०८९ सीसीचं ते इंजिन फारसं ताणलं जातच नव्हतं. रॉड वाकला असेल, अशी शंका सहसा कुणाला येत नसे.

ती शंका घ्यायला २६ जुलै २००५ ने शिकवलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. कलिना-कुर्ल्यात गाड्या पाण्याखाली गेल्या. बंद असताना बुडालेली इंजिनं बहुतेक वाचली. प्लग काढायचे, क्रँक पान्याने हातानेच फिरवून पाणी बाहेर काढायचं, तेल दोनदा बदलायचं. घात झाला तो चालत्या गाडीने पाणी ओढलं तेव्हा, किंवा पाणी ओसरल्यावर ‘एकदा सेल्फ मारून बघू’ म्हटलं तेव्हा. पाणी दाबलं जात नाही. ३०० सीसीच्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले तो वर असतानाची) १० असेल तर पिस्टनच्या वर जेमतेम ३३ सीसी जागा उरते, म्हणजे साधारण अर्धं कटिंग. रेशो १२ वर नेला तर २७ सीसी. इंजिन जितकं तगडं, तितकं त्याचा रॉड वाकायला पाणी कमी लागतं.

तिथून ‘सीझ’ या शब्दाचा घोळ वाढला. क्रँक फिरत नाही, एवढंच तो सांगतो. कारणं तीन असू शकतात. तेलाचा पुरवठा तुटला तर शेल जर्नलला धरतो, जर्नल निळा पडतो, शेल आपल्या जागेत फिरतो आणि त्याची पाठ काळी, चकचकीत होते. (शेल त्या छोट्या जिभेने अडकून राहतो, हा समज अजून टिकून आहे. जीभ फक्त बसवण्याची जागा दाखवते. शेलला धरून ठेवतो तो क्रश: किंचित वर आलेल्या कडांवर कॅप (रॉडचा खालचा, बोल्टने जोडलेला अर्धा भाग) आवळताना पडणारा दाब.) पिस्टन अडकला तर ओरखडे स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) आणि शेल साफ. पाण्याने अडलं असेल तर पाणी काढल्यावर क्रँक फिरतो, गाडी चालतेही, आणि इथेच फसगत होते. वाकलेला रॉड आखूड होतो. त्याचा पिस्टन टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला) बाकीच्यांहून खाली थांबतो, बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) वरच्या काठाला कार्बनचा पट्टा रुंद दिसतो. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड घासलेली सापडते. हे न पाहता बांधलेलं इंजिन काही महिन्यांनी एक्स्प्रेसवेवर ब्लॉक फोडून रॉड बाहेर टाकू शकतं.

विमा कंपनीच्या सर्व्हे रिपोर्टात मात्र तिन्ही ‘सीझ’च. पुराचं नुकसान विम्यात, पण मालकाने नंतर स्टार्टर मारून केलेलं ‘परिणामजन्य’ म्हणून बाहेर, अशी वाटणी झाली. चालत्या इंजिनाने ओढलेल्या पाण्यालाही तेच कलम लावणं म्हणजे सम्प न उघडताच निकाल देणं. स्टार्टर क्रँकला मिनिटाला दोन-अडीचशे फेरे देतो. २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) क्रँकवरच्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, स्टार्टरच्या वेगाला असते त्याच्या साठ ते शंभर पट ऊर्जा असते. रॉड किती वाकलाय, यावरूनच बराच उलगडा होतो. पुढे या भांडणातून इंजिनासाठी वेगळं ॲड-ऑन कव्हर विकलं जाऊ लागलं.

छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनांनी गुंता आणखी वाढवला. रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून) कमी आरपीएमला टॉर्क चढवला की कधी मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि रॉड वाकतो, अगदी पाण्याने वाकावा तसा. यात तेलातल्या कॅल्शियमचाही हात असतो. २०१८ मध्ये तेलाच्या मानकात त्यासाठी चाचणी आली. इथे पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटलेली आणि वरचा शेल कुटलेला मिळतो. पाण्याच्या केसमध्ये एअर फिल्टरचा कागद सुरकुतलेला असतो, डब्यात गाळाची रेघ असते. नुसतं रेव्ह करून घालवलेलं इंजिन याहून वेगळं. ६००० वरून ७५०० आरपीएमला नेलं की रॉडवरची ओढ दीडपटीहून वाढते, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) अंडाकृती ताणला जातो आणि शेल दोन अर्ध्यांच्या जोडाजवळ घासतात.

त्यात आता बरेच रॉड अखंड बनवून मग तडकवून दोन केलेले असतात. त्यांची कॅप दुसऱ्या रॉडवर बसत नाही, आणि कॅप घासून बिग एंड पुन्हा बोअर करायची जुनी युक्तीही तिथे चालत नाही.