पार्श्वभूमी: फंक्शनचा पत्ता मिळाला, पण ते कॉल करावं का?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी मशीनचा डेटा गोळा करणारी छोटी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. मशीनच्या कंट्रोलरसोबत मिळालेली डीएलएल (चालू प्रोग्रॅमला जोडता येणारी, तयार फंक्शनांची लायब्ररी) लोड झाली, त्यातल्या फंक्शनचा मेमरीतला पत्ताही हाती आला. आता ते बिनधास्त कॉल करायचं का?

प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी जोडण्याची कल्पना १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची. विंडोजमध्ये डीएलएल १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. पण प्रश्न खरा पेटला तो विंडोज ९५ आणि एनटी शेजारी शेजारी नांदू लागल्यावर. एकच प्रोग्रॅम दोन्हींवर चालवायचा, तर एखादं फंक्शन आहे की नाही हे चालता चालताच पाहावं लागे. काही जण विंडोजचा आवृत्ती क्रमांक बघत. बाकीचे थेट गेटप्रॉकअ‍ॅड्रेसला (नावावरून फंक्शनचा पत्ता देणारं विंडोजचं फंक्शन) विचारत: नल (रिकामा पत्ता) आला तर नाही, पत्ता आला तर आहे.

क्रमांक बघणाऱ्यांचं गणित वारंवार फसलं. तुलना चुकीची लिहिलेले जुने प्रोग्रॅम इतके होते, की विंडोज ९५ ला १६-बिट प्रोग्रॅमना आपला क्रमांक ३.९५ सांगावा लागला. विंडोज ८.१ पासून तर प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) त्या आवृत्तीची नोंद नसेल तर ६.२ हेच उत्तर येतं. म्हणून थेट विचारणं बरं, हे मत रुजलं, आणि ते रास्तच आहे. त्यातून ‘पत्ता मिळाला की काम झालं’ असा अर्थ काढला गेला, तो मात्र घातक ठरला.

विंडोज ९५ मध्येच त्याचा पुरावा होता. क्रिएटफाइलडब्ल्यूसारख्या युनिकोड फंक्शनचा पत्ता मिळे, पण कॉल केल्यावर १२० क्रमांकाची एरर हाती पडे. आत काम करणारा कोडच नव्हता. तिथे निदान प्रोग्रॅम जिवंत राहायचा. पण ३२-बिट डीएलएलमधलं एसटीडीकॉल पद्धतीचं फंक्शन (स्टॅक, म्हणजे कॉलची तात्पुरती मेमरी, ते स्वतः आवरतं) सीडेकल (स्टॅक कॉल करणारा आवरतो) समजून कॉल केलं, तर स्टॅक दोघंही आवरतात आणि प्रोग्रॅम कोसळतो भलत्याच ओळीवर. डीएलएलच्या एक्सपोर्ट टेबलात (बाहेर दिलेल्या फंक्शनांच्या यादीत) बहुधा नुसतं नाव किंवा क्रमांक असतो. पॅरामीटर कोणत्या प्रकारचे, याची नोंद नसते. विंडोजच्या इझबॅडकोडपीटीआर या फंक्शनवर विसंबणारेही होते. ते त्या पत्त्यावरची मेमरी वाचता येते का, एवढंच पाहतं.

लिनक्सवर पत्ता देणाऱ्या डीएलएसिमकडून नल येणं ही चूक असेलच असं नाही, म्हणून आधी डीएलएरर (शेवटची चूक सांगणारं फंक्शन) रिकामं करून, मग डीएलएसिम कॉल करून, नंतर पुन्हा डीएलएररला विचारावं लागतं.

खरी खात्री लायब्ररी लिहिणाराच देऊ शकतो: फंक्शनला दिल्या जाणाऱ्या स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) पहिल्या फील्डमध्ये त्याचा आकार मागून, किंवा एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीसारखं स्वतःची आवृत्ती सांगणारं फंक्शन देऊन. मशीनसोबतच्या डीएलएलकडून इतकी अपेक्षा ठेवायलाच हवी. हेडर फाइलही (फंक्शनांचे पॅरामीटर सांगणारी फाइल) न देणाऱ्या पुरवठादाराला ती मागितलीच पाहिजे.

अलीकडे डीएलएलमधली फंक्शनं कॉल करण्याचं हेच काम पायथनच्या सीटाइप्स या मॉड्यूलमधून होतं. तिथे फंक्शनचा रिटर्न टाइप सांगितला नाही, तर तो इंट (३२-बिट पूर्णांक) धरला जातो. ६४-बिट विंडोजवर परत आलेल्या पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्याचे) वरचे ३२ बिट त्यात कापले जातात, आणि कधी कधी ते सगळे शून्यच असल्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं सुरळीत दिसतं.