घडीच्या चाकूचा टिकाऊपणा

घडीचा चाकू : पाते मुठीच्या खाचेत मिटणारा, खिशात मावणारा चाकू. गिऱ्हाईक त्याची पारख धारेवर करते, पण त्याचे आयुष्य ठरते पाते मुठीला जोडणाऱ्या सांध्यावर. बोथट धार पुन्हा लावता येते. झिजलेला सांधा क्वचितच पूर्ववत होतो.

सांध्यात एक खीळ आणि तिच्याभोवती फिरणारी पात्याची टाच असते. साध्या चाकूत पाठीकडची पोलादी कमान टाचेवर दाब देऊन पाते धरून ठेवते. लाल मुठीचा स्विस चाकू याच जातीचा. खटक्याच्या चाकूत उघडलेल्या पात्यामागे अडसर बसतो. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये बसवलेले फिरते कडे हा त्याचा अगदी सुटसुटीत प्रकार. खिळीचे भोक नेमके असेल आणि पात्याच्या दोन्ही अंगांना पितळी किंवा कांस्याच्या चकत्या असतील, तर झीज चकत्यांवर जाते. रिव्हेटचा, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळीचा, सांधा ढिला झाल्यास हलके ठोकून आवळता येतो. जोरात ठोकला तर पाते उघडतच नाही. स्क्रूचा सांधा खोलून साफ करता येतो, मात्र स्क्रू अधूनमधून तपासावे लागतात. सांध्याची खरी वाट लागते ती पात्याने डबे उचकटण्याने आणि स्क्रू फिरवण्याने, कापण्याने नव्हे.

पोलादाला पाणी किती दिले आहे, म्हणजे ते तापवून, थंड करून किती कडक केले आहे, यावर धारेचा टिकाव ठरतो. कडकपणा रॉकवेल मापात सांगतात. स्विस चाकूचे पाते साधारण ५६ अंशांचे, म्हणून धार लवकर जाते आणि लवकर लागतेही. साठीच्या आसपासचे पाते धार जास्त धरते, पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर त्याची कड तुटू शकते. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलेले पोलाद गंजाला दाद कमी देते, पण पुरते निर्धोक तेही नाही.

पुण्यात याची परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये होते. राजगडावरून भिजून आलेला चाकू तसाच सॅकमध्ये राहिला, की गंज आधी आत, सांध्यात धरतो. लाकडी मूठ फुगून पाते अडकते. वाळू दिले की बहुधा सुटते. साध्या पोलादावर कैरी-लिंबाने येणारी करडी झाक म्हणजे गंज नव्हे, ती घासून काढू नये. धुऊन, उघडा ठेवून वाळवल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाण्याचे पदार्थ कापायचे असतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे. स्वयंपाकघरातले शेंगदाणा तेल काही महिन्यांत चिकट होते आणि धूळ धरते.

दारावर येणाऱ्या धारवाल्याचे कोरडे, वेगाने फिरणारे चाक विळीला चालते. बारीक पात्याची कड मात्र त्यावर तापून निळी पडते आणि तिथले पाणी उतरते. ओल्या दगडावर, सावकाश, दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात घासावे.

पुण्याच्या बोहरी आळीत नवा घ्या किंवा जुन्या बाजारात वापरलेला, पाते पूर्ण उघडून आडवे आणि उभे हलवावे आणि सांधा ढिला नाही ना, ते पाहावे. मिटल्यावर टोक खाचेबाहेर डोकावत असेल, तर टाच झिजलेली असण्याची शक्यता असते. मिटलेल्या चाकूची धार कमानीला टेकत असेल, तर ती प्रत्येक मिटण्यागणिक बोथट होते.