अंतर जास्त, तरी विमान आधी पोचतं

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ग्लोबवर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो सैबेरियावरून थेट ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट सुचणारच नाही.

एअर इंडियाचं विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून उड्डाण केलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं. विमान मात्र साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

भागाकार करून बघा: ताशी १,०५५ किलोमीटर. प्रवासी जेट विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० च्या आसपास असतो. वरचे दीडशे वाऱ्याने दिले. विमान जमिनीवरून नाही, हवेतून जातं, आणि ती हवाच पुढे सरकत असेल तर विमानालाही सोबत नेते. नदीच्या धारेबरोबर जाणाऱ्या होडीसारखंच हे.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या फरकामुळे हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमकी जिथून विमानं उडतात तिथे, तिचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून वाराही जोर धरतो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्यांनी एस्पेरांतो या कृत्रिम, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत छापला, त्यामुळे जगाचं त्याकडे फारसं लक्षच गेलं नाही. इतकं मोलाचं काम असं पडून राहावं, याची आजही हळहळ वाटते.

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं ना?’ हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात, आणि प्रश्न चांगलाच आहे. पण पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे तसा फायदा मिळत नाही. उलट मुंबईहून लंडनला जाताना समोरचा वारा अडवतो आणि येताना पाठीशी असतो. म्हणूनच परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी होतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान वादळी वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरीही ध्वनीच्या वेगाची मर्यादा त्याने ओलांडली नाही, कारण ती मोजायची भोवतालच्या हवेच्या मानाने.

सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना विमानाने पुन्हा पूर्वच धरली आणि अटलांटिकवरून दिल्ली गाठली, तर दोन्ही वेळा वारा पाठीशी राहतो. २०१७ मध्ये एअर इंडियाच्या फक्त महिला कर्मचारी असलेल्या विमानाने असंच जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.